तेल गेले कुठे?

समुद्रात जहाज फुटून तेल सांडल्याची बातमी आली की तिच्या शेवटी एक वाक्य बहुधा असतेच: तेल हटविण्यासाठी रसायनांची फवारणी सुरू आहे. वाचणाऱ्याला हायसे वाटते. फरशीवर सांडलेले तेल आपण साबणाने पुसून काढतो, तसेच काहीसे समुद्रात चालले असावे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. या वाक्यातले ‘हटविणे’ हे क्रियापद कितपत खरे आहे, ते या लेखात तपासायचे आहे.

त्यासाठी आम्ही दोन अहवाल समोर ठेवले आहेत. पहिला इंग्लंडमधील प्लिमथ येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचा. ‘टॉरी कॅनियन पोल्युशन अँड मरीन लाइफ’ या नावाने तो १९६८ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. त्याचे संपादक जे. ई. स्मिथ. दुसरा अमेरिकेतील विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक या विषयांच्या राष्ट्रीय अकादमींचा. ‘द यूज ऑफ डिस्पर्संट्स इन मरीन ऑइल स्पिल रिस्पॉन्स’ हे त्याचे नाव, आणि वर्ष २०२०. दोहोंमध्ये बावन्न वर्षांचे अंतर आहे. दुसऱ्या अहवालापाशी माहितीचा साठा कितीतरी मोठा आहे, उपकरणे सूक्ष्म आहेत, गणिती प्रतिमाने आहेत. तरीही पहिल्यापाशी एक गोष्ट अशी आहे जी दुसऱ्याला मिळू शकली नाही. ती कोणती, हे कळले की तेलगळतीबरोबरच विज्ञानाच्या पद्धतीविषयीही काही हाती लागते.

रसायन नेमके करते काय?

इंग्रजीत या रसायनांना डिस्पर्संट म्हणतात. आपण त्यांना विखुरक म्हणू. त्यांतला मुख्य घटक म्हणजे साबणासारखे पृष्ठसक्रिय द्रव्य. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी जमवून घेते, दुसरे तेलाशी. असे रेणू तेल आणि पाणी यांच्या सीमेवर रांगेने उभे राहिले की तेथील पृष्ठताण खूप कमी होतो, आणि लाटांच्या घुसळणीने तवंग फुटून त्याचे बारीक थेंब होतात. पृष्ठसक्रिय द्रव्य तेलात नीट शिरावे म्हणून जोडीला एक द्रावक असतो. साधारणपणे वीस भाग तेलाला एक भाग विखुरक असे प्रमाण धरतात.

थेंब किती बारीक? सुमारे ७० मायक्रॉनपेक्षा लहान थेंब पुन्हा सहजी वर येत नाहीत, पाण्यातच तरंगत राहतात. येथे थोडे गणित करून पाहावे. एक लिटर तेलाचा १ मिलिमीटर जाडीचा तवंग १ चौरस मीटर जागा व्यापतो. त्याच तेलाचे ५० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर सुमारे १५०० कोटी थेंब होतात, आणि त्यांच्या पृष्ठभागांची बेरीज १२० चौरस मीटर भरते. तेल तेवढेच राहिले. पाण्याशी त्याचा संपर्क मात्र १२० पट झाला.

विखुरकांच्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा सगळा युक्तिवाद या एका आकड्यात आहे. तेल खाणाऱ्या जीवाणूंना १२० पट जागा मिळते, म्हणून तेलाचे विघटन लवकर होईल, अशी अपेक्षा असते. पण त्याच १२० चौरस मीटरांमधून तेलातील विषारी घटक पाण्यात उतरू शकतात, आणि तेथे माशांची अंडी, कोळंबीची पिल्ले व प्लवक असतात. पृष्ठभागावरचे तेल कमी झाल्याने समुद्रपक्षी वाचतात, किनारे वाचतात. पाण्यातल्या जीवांवरचा भार वाढतो. म्हणजे फवारणीने तेल नाहीसे होत नाही. ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, आणि त्याची झळ एकाऐवजी दुसऱ्याला लागते.

कॉर्नवॉलचे खडक

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ, कॉर्नवॉल आणि सिली बेटे यांच्या दरम्यानच्या सेव्हन स्टोन्स नावाच्या खडकांवर आदळले. त्यात सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चे तेल होते. एवढ्या मोठ्या तेलगळतीचा अनुभव तोवर कोणालाच नव्हता. उरलेले तेल पेटवून देण्यासाठी लढाऊ विमानांनी जहाजावर बाँबही टाकले. किनाऱ्याला लागलेल्या तेलावर सरकारने डिटर्जंटचा मारा केला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सुमारे १४ हजार टन तेल आले असे धरतात. त्यासाठी सुमारे १० हजार टन डिटर्जंट वापरले गेले. आज वीसास एक हे प्रमाण सांगितले जाते, हे लक्षात घेतले तर त्या वेळच्या घाईची कल्पना येईल.

ही रसायने समुद्रासाठी बनविलेली नव्हती. जहाजांच्या टाक्या आणि यंत्रे धुण्याचे ते द्रव होते. त्यांतला मोठा भाग ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांनी युक्त द्रावकाचा होता, आणि तोच सर्वांत घातक ठरला. प्लिमथच्या प्रयोगशाळेने आपली चालू कामे बाजूला ठेवली आणि सारे शास्त्रज्ञ किनाऱ्यावर व बोटींवर कामाला लागले. त्यांना आढळले की दशलक्ष भाग पाण्यात दहा भाग डिटर्जंट एवढे प्रमाणही किनाऱ्यावरच्या अनेक प्राण्यांना मारायला पुरेसे होते. नुसते तेल लागलेल्या खडकांवर बरेच जीव तग धरून होते. फवारलेल्या खडकांवर ते सरसकट मेले होते.

त्यांतला एक प्राणी विशेष महत्त्वाचा. लिंपेट नावाचा, टोपीसारखे शंकूच्या आकाराचे कवच असलेला, खडकाला घट्ट चिकटून राहणारा हा गोगलगायीचा भाऊबंद. खडकावर उगवणारे बारीक शेवाळ खरवडून खाणे हा त्याचा उद्योग. न फवारलेल्या ठिकाणी लिंपेट तेलाचा थर लागलेल्या खडकावरही चरत राहिले, आणि चरता चरता खडक मोकळे करू लागले. फवारलेल्या ठिकाणी लिंपेट मेले, त्यामुळे चरणारा कोणी राहिला नाही. आधी हिरव्या शेवाळाने खडक झाकून गेले, मग तपकिरी समुद्रशैवालाचे रान माजले. त्या सावलीत लिंपेटांची नवी पिढी बेसुमार वाढली, अन्न संपल्यावर उपासमारीने घटली, आणि हे चढउतार वर्षानुवर्षे चालू राहिले. पुढील काळात शास्त्रज्ञांनी हे किनारे पुन्हा पुन्हा तपासले. फवारणी न झालेला किनारा दोन-तीन वर्षांत सावरला होता. दाट फवारणी झालेल्या काही ठिकाणांना पूर्ववत व्हायला १५ वर्षांपर्यंतचा काळ लागला. तेलही गेले, तूपही गेले आणि हाती धुपाटणे राहिले, अशी ही गत.

या अहवालाचा परिणाम मोठा झाला. द्रावक बदलले, विषारीपणाच्या चाचण्या सुरू झाल्या. ब्रिटनमध्ये विखुरकाला परवानगी देण्यापूर्वी ज्या प्राण्यांवर चाचणी घेण्याची पद्धत पडली, त्यांत तपकिरी कोळंबीबरोबर लिंपेटही आहे. कॉर्नवॉलच्या खडकांवरचा अनुभव असा नियमांत उतरला.

जुन्या अहवालाचे बळ

हा अहवाल इतका ठामपणे बोलू शकला याचे कारण काय? त्याची उपकरणे साधी होती. पण त्याच्यापाशी तुलना होती. किनाऱ्याचे काही भाग फवारले गेले, काही निरनिराळ्या कारणांनी फवारणीवाचून राहिले. एकाच समुद्राचे, एकाच तेलाने माखलेले दोन प्रकारचे किनारे शास्त्रज्ञांना मिळाले. आपण वर्गात ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतो, त्याच्या जवळपास जाणारी परिस्थिती आपसूक तयार झाली होती. अर्थात ती निर्दोष नव्हती. कोणता भाग फवारायचा आणि कोणता नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, आणि सगळीकडे तेल सारखे आलेले नव्हते. तरी ‘फवारले नसते तर काय झाले असते?’ या प्रश्नाला बोट दाखवून उत्तर देता येत होते.

पुढे असा प्रयोग एकदा मुद्दाम केला गेला. १९८४ साली पनामाच्या किनाऱ्यावर, खारफुटी, समुद्रगवत आणि प्रवाळ एकत्र आढळतात अशा जागी शास्त्रज्ञांनी तीन भाग आखले. एका भागात नुसते कच्चे तेल सोडले, दुसऱ्यात विखुरक मिसळलेले तेल, तिसरा तसाच ठेवला. नुसत्या तेलाने खारफुटीची झाडे मेली, प्रवाळांना मात्र थोडीच इजा झाली. विखुरलेल्या तेलाने खारफुटी जवळपास वाचली, पण प्रवाळ आणि समुद्रगवतावर राहणारे जीव यांच्यावर मोठा आघात झाला. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा प्रवाळ बरेचसे सावरले होते. नुसत्या तेलाच्या भागातली खारफुटी अजून पूर्ववत झालेली नव्हती. विखुरक चांगले की वाईट, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर का नाही, ते या तीन तुकड्यांनी दाखवून दिले. तुम्ही कोणाच्या बाजूने विचारता यावर ते अवलंबून आहे, आणि किती वर्षांनी मोजता यावरही.

मेक्सिकोचे आखात, २०१०

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. अकरा कामगार मृत्युमुखी पडले. सुमारे १५०० मीटर खोलीवरची विहीर १५ जुलैपर्यंत, म्हणजे ८७ दिवस वाहत राहिली. सरकारी शास्त्रज्ञांच्या अंदाजाने एकूण ४९ लाख पिंपे तेल बाहेर आले. न्यायालयाने २०१५ साली दिलेल्या निर्णयात ३१ लाख ९० हजार पिंपे समुद्रात गेल्याचे धरले. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. या तेलावर सुमारे ७० लाख लिटर विखुरक वापरले गेले, आणि त्यांतील सुमारे २९ लाख लिटर थेट समुद्रतळाशी, विहिरीच्या तोंडाशी सोडले. एवढ्या खोलीवर या प्रमाणात असा वापर पूर्वी कधीच झाला नव्हता.

वापरलेल्या ‘कोरेक्सिट’ या विखुरकाचे घटक सुरुवातीला व्यापारी गुपित होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ते जून २०१० मध्ये जाहीर केले. याच संस्थेने मे महिन्यात फवारणी मोठ्या प्रमाणात कमी करण्याचा आदेश दिला होता, पण तटरक्षक दलाने त्यात वेळोवेळी सवलती दिल्या. त्यानंतर संस्थेने आठ विखुरकांच्या चाचण्या एका लहान कोळंबीवर्गीय प्राण्यावर व एका लहान माशावर घेतल्या. निष्कर्ष असा निघाला की विखुरक एकटे तेलापेक्षा कमी विषारी आहेत, आणि विखुरकमिश्रित तेल साधारणपणे नुसत्या तेलाइतकेच विषारी आहे. हे निष्कर्ष खोटे नाहीत. पण त्या चाचण्या दोन ते चार दिवसांच्या होत्या, आणि त्यांत प्राणी मेला की जगला एवढेच पाहिले होते. कॉर्नवॉलच्या खडकांची कथा १५ वर्षांची होती.

ऑगस्टमध्ये सरकारने तेलाचा जमाखर्च प्रसिद्ध केला. विहिरीतून थेट गोळा केलेले १७ टक्के, जाळलेले ५, पाण्यावरून काढलेले ३, रसायनांनी विखुरलेले ८, आपोआप विखुरलेले १६, उडून गेलेले किंवा विरघळलेले २५, आणि उरलेले २६ टक्के. त्यावरून बहुतेक तेल ‘गेले’ अशी बातमी जगभर झाली. आता शिक्षकांनी हा ताळेबंद पुन्हा वाचावा. समुद्रातून खरोखर बाहेर काढले किंवा जाळले गेलेले तेल २५ टक्केच आहे. विखुरलेले २४ टक्के ‘गेले’ या सदरात मोजले गेले, कारण ते दिसत नव्हते. नोव्हेंबरमध्ये हा जमाखर्च सुधारला तेव्हा रसायनांनी विखुरलेल्या तेलाचा आकडा ८ वरून १६ टक्क्यांवर गेला. दरम्यान समुद्रात नवे तेल आले नव्हते की नवी फवारणी झाली नव्हती. बदलला तो हिशेब. विखुरकाने नेमके किती काम केले, हे कोणी थेट मोजले नव्हते.

त्यानंतर एकेक गोष्टी पुढे येत गेल्या. तळाशी सोडलेल्या विखुरकाचा एक मुख्य घटक दोन महिन्यांनंतरही खोल पाण्याच्या थरात सापडला, विहिरीपासून ३०० किलोमीटरपर्यंत. विहिरीपासून सुमारे ११ किलोमीटरवर, १३७० मीटर खोलीवरचे प्रवाळ तपकिरी गाळाने माखलेले आढळले. प्लवकांचे अवशेष, चिकट पदार्थ आणि तेल यांचे झुबके होऊन ते तळाशी बसत होते. जीवाणूंविषयीही एकवाक्यता झाली नाही: काही प्रयोगांत विखुरकाने विघटन वाढलेले दिसले, तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आखाताच्या खोल पाण्यातील तेलभक्षक जीवाणू विखुरकामुळे मागे पडलेले आढळले. सफाई कामगारांच्या पाहणीत, विखुरकांशी संपर्क आलेल्यांत खोकला आणि डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी जास्त होत्या. उलट, तळाशी विखुरक सोडल्यामुळे पृष्ठभागावर पोचणारी विषारी वाफ कमी झाली आणि जहाजांवरचे लोक तिच्यापासून वाचले, असा निष्कर्ष २०१७ च्या एका गणिती अभ्यासाने काढला. येथेही तेच: वरच्या माणसांची झळ कमी झाली, खालच्या जीवांची वाढली.

नव्या अहवालाविषयी

आता २०२० च्या अहवालाकडे वळू. त्याचे पहिले मोठे श्रेय असे की त्याने आकड्यांचा गोंधळ निस्तरला. एक उदाहरण घेऊ. २०१३ साली एका शोधनिबंधाने सांगितले की कोरेक्सिट आणि तेल यांचे मिश्रण सूक्ष्म प्राण्यांना ५२ पटींपर्यंत अधिक विषारी असते. हा आकडा वृत्तपत्रांनी उचलून धरला. पण ‘किती तेलाने किती जीव मेले’ यातले ‘किती तेल’ कसे मोजायचे? भांड्यात ओतलेले, की पाण्यात प्रत्यक्ष उतरलेले? विखुरक नसेल तर ओतलेल्या तेलाचा बहुतांश भाग वरच तरंगतो. विखुरक असेल तर तो पाण्यात जातो. ओतलेले तेल मोजले तर मिश्रण भयंकर विषारी दिसणारच. अहवालाने पाण्यात प्रत्यक्ष काय होते त्यावरून अनेक प्रयोग पुन्हा तपासले, आणि निष्कर्ष काढला: कमी मात्रेत रसायनाने विखुरलेले तेल घुसळणीने विखुरलेल्या तेलापेक्षा अधिक विषारी दिसत नाही. लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रेत मात्र ते अधिक विषारी ठरते. ही शिस्त आवश्यक होती, आणि तिच्याबद्दल लेखकांचे ऋण मान्य केले पाहिजे.

आमचा आक्षेप या निष्कर्षाच्या वापराविषयी आहे. पाण्यातल्या प्रत्येक मिलिग्रॅम तेलाचे विष तेवढेच आहे, हे खरे. पण अधिकाधिक मिलिग्रॅम पाण्यात जावेत, यासाठीच तर विखुरक वापरायचे! दर तोच राहिला आणि माल वाढला तर बिल वाढते, हे सातवीतल्या मुलालाही कळते. ५२ पटींचा आकडा जसा एका बाजूला फसवा, तसे ‘विखुरकाने विषारीपणा वाढत नाही’ हे सुटे वाक्य दुसऱ्या बाजूला फसवे. अहवालाच्या लेखकांना हे ठाऊक आहे. म्हणूनच ते कोणत्या जीवाला किती धोका याची तुलना करून निर्णय घ्या, असे सांगतात. पण सारांशातली वाक्ये सुटी होऊन फिरतात, आणि फवारणीचा निर्णय घेणाऱ्याच्या हाती बहुधा सारांशच असतो. हा धोका ओळखून दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बांधायला हव्या होत्या.

दुसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. आखातात ‘न फवारलेला’ भाग कोणता? असा भाग ठेवलाच नव्हता. विहीर एकच, आणि तिच्या तोंडाशी विखुरक सोडलेले. ते सोडले नसते तर जोरदार झोताने तेल आपोआपच बारीक झाले असते का, यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. मेक्सिकोच्या आखाताच्या संशोधनासाठी संबंधित तेलकंपनीने दहा वर्षांत ५० कोटी डॉलर दिले, शेकडो निबंध झाले; पण जी तुलना २०१० साली ठेवली नाही ती पैशाने मागाहून विकत घेता येत नाही. म्हणून २०२० च्या अहवालाला मोठ्या प्रश्नांपाशी प्रयोगशाळेतल्या भांड्यांवर आणि गणिती प्रतिमानांवर विसंबावे लागते. प्रत्यक्ष समुद्रात चाचण्या व्हाव्यात, असे तो स्वतःही म्हणतो. हा लेखकांचा दोष नाही. आणीबाणीत ‘थोडा भाग तसाच राहू द्या’ म्हणण्याचे धैर्य कोणत्याही अधिकाऱ्याला होणार नाही, हेही आम्ही समजू शकतो. पण प्रत्येक आणीबाणीत असेच झाले तर पुढच्या आणीबाणीतही आपण अंदाजानेच फवारू. ठरावीक जागा आधीच निवडून तेथील जीवांची नोंद ठेवणे, आणि गळती झाल्यास कोणता लहानसा भाग तुलनेसाठी राखायचा हे शांततेच्या काळात ठरविणे, एवढे तरी करता येते.

आपला किनारा

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आखातातली विहीर बंद झाल्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले. तटरक्षक दलाने विखुरकांची फवारणी केली. तरी मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यांवरील खारफुटीत तेल शिरलेच, आणि मासेमारीला व मासळीच्या विक्रीला फटका बसला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, जहाजाचे इंधन-तेल कच्च्या तेलापेक्षा घट्ट असते, आणि काही तासांत ते पाणी शोषून आणखी घट्ट होते. मग विखुरक त्याच्यात नीट शिरत नाही. दोन, खोली. एक चौरस मीटर पाण्यावर ०.१ मिलिमीटर जाडीचा तवंग म्हणजे ०.१ लिटर तेल. तो १० मीटर खोल पाण्यात पूर्ण मिसळला तर प्रमाण दशलक्षात १० भाग. खाडीच्या २ मीटर पाण्यात मिसळला तर ५० भाग. खोल समुद्रात थेंब आणखी विरळ होत जातात. उथळ खाडीत त्यांना जायला जागा नसते, आणि माशांची व कोळंबीची पिल्ले तर तेथेच वाढतात. म्हणून दूर, खोल पाण्यात लवकर केलेली फवारणी खारफुटी वाचवू शकते, आणि तीच फवारणी खाडीच्या तोंडाशी, उशिरा केली तर दोन्हीकडून नुकसान करू शकते. कोळी बांधवांनी फवारणीविषयी प्रश्न विचारले तर ते अडाणीपणाचे समजू नयेत. ज्या पाण्यात तेल पाठवायचे, त्या पाण्यावर त्यांचा संसार चालतो. निर्णयाच्या बैठकीत त्यांना जागा हवी.

वर्गात काय करता येईल

ताटलीत पाणी, त्यावर तेल, त्यात साबणाचे दोन थेंब, आणि तवंग फुटतो: हा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. तो करावाच, पण तेथे थांबू नये. तीन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. पहिलीत पाणी व तेल, न हलवता. दुसरीत पाणी व तेल, जोराने हलवून. तिसरीत पाणी, तेल व साबण, तितकेच हलवून. तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी निरीक्षण करावे आणि विचारावे, तिसऱ्या बाटलीतले तेल गेले कुठे?

दुसरा प्रयोग मोहरीच्या दाण्यांचा. चार बशांत ओला टिपकागद ठेवून प्रत्येकीत वीस दाणे टाकावेत. एका बशीत नुसते पाणी, दुसरीत पाणी व थोडे तेल, तिसरीत पाणी व थोडा साबण, चौथीत तिन्ही. रोज किती दाणे रुजले ते मोजावे. मोहरी म्हणजे समुद्रातला जीव नव्हे, आणि खाद्यतेल म्हणजे कच्चे तेल नव्हे. त्यामुळे येथील निकाल समुद्राला लावू नये. पण यांतली एखादी बशी काढून टाकली तर कोणता प्रश्न अनुत्तरित राहतो, हे मुलांना विचारावे. पाण्याची बशी काढली तर काय? नुसत्या साबणाची काढली तर? एकेक बशी का लागते, हे ज्या मुलांना सांगता येईल, त्यांना प्लिमथच्या शास्त्रज्ञांना काय मिळाले होते आणि २०२० च्या लेखकांना काय मिळाले नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी आपल्यापुरती आजपासून करावी. फळ्यावर लिहिताना ‘विखुरके तेल नष्ट करतात’ असे न लिहिता ‘विखुरके तेल पाण्यात पसरवतात’ असे लिहावे. पहिले वाक्य ऐकल्यावर प्रश्न संपतो. दुसरे ऐकल्यावर कोणीतरी हात वर करून विचारील, मग पाण्यातल्या माशांचे काय?